आपलं नाव आपल्या गावच्या यादीत

(९ ऑगस्ट २००९, जागतिक आदिवासी दिन. कॉलेज आणि वसतिगृहातल्या मुलामुलींच्या मेळाव्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण. गावातल्या बैठकीत वाचून दाखवावं म्हणून इथे छापत आहोत.)

जिंदाबाद!

नंदुरबार, शहादा, तळोदा, धुळे इथल्या वसतिगृहांतून आलेल्या भावांनो आणि बहिणींनो, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून पावसात चालत आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनो. निंदणीचे दिवस आहेत, तरी तुम्ही आलात. म्हणून जास्त वेळ घेणार नाही. आज आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. मतदार यादी.

काही जण मनात म्हणतील, हे काय काढलं? आपली लढाई जमिनीची, नेवाडाची. मतदान तर पुढाऱ्यांचं काम. आम्हालाही आधी असंच वाटायचं. का बदललं ते सांगतो.

एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. त्याच्या थोडे दिवस आधी आम्ही एका वसतिगृहात गेलो होतो. एका खोलीत अकरा मुलं, सगळी अठराच्या पुढची. आम्ही विचारलं, यादीत नाव कोणाकोणाचं आहे? दोन हात वर आले. त्यातला एक म्हणाला, नाव आहे पण बापाच्या जागी आजाचं नाव छापलंय. बाकी नऊ जणांचं नाव कुठेच नाही. गावात यादीवाला आला तेव्हा आईने खरं ते सांगितलं, की पोरगा शिकायला गेलाय. त्याने पुढच्या घराचा रस्ता धरला. आणि शहरात चौकशी केली तर सांगितलं, तुम्ही बाहेरगावचे, तुमच्या गावाला जा. म्हणजे पोरगा गावाचाही नाही आणि शहराचाही नाही. बारावी झाला, बी.ए.ला बसला, पण सरकारच्या वहीत तो जन्मलाच नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली. आमच्याकडच्या एका गावात वनहक्काचे दावे मंजूर करायला ग्रामसभा ठेवली. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमात तेव्हा लिहिलं होतं की ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं हजर पाहिजेत. ग्रामसेवक मतदार यादी घेऊन बसला. यादीत १८० नावं. म्हणजे १२० माणसं हवीत. सह्या-अंगठे मोजले, ११२ भरले. सुट्टीला आलेली १४ पोरं-पोरी तिथेच झाडाखाली बसलेली होती. पण यादीत नाव नाही म्हणून त्यांना मोजलं नाही. सभा तहकूब झाली. लोक ऊसतोडीला गुजरातमध्ये निघून गेले. पुढची सभा थेट होळीनंतर. इतके महिने दावे पेटीत पडून राहिले, आणि त्या काळात नाकेदार येऊन लोकांना म्हणत होता, तुमच्याकडे काय कागद आहे?

नंतर आम्ही ती यादी घेऊन एकेक नाव वाचलं. १७ नावं मेलेल्या माणसांची नाहीतर दोनदा लिहिलेली. आता हिशोब करा. १८० मधून १७ काढा, १६३ राहिले. त्यात ही १४ पोरं घाला, १७७ झाले. त्याचे दोन तृतीयांश होतात ११८. आणि त्या दिवशी हजर किती होते? ११२ आणि १४ मिळून १२६! सभा पूर्ण झाली होती, फक्त कागदावर झाली नव्हती. खरं म्हणजे वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी सज्ञान माणसं असं लिहिलंय. ग्रामसेवकाचं चुकलंच होतं. पण तेव्हा ते कलम काढून दाखवणारं गावात कोणी नव्हतं. जे वाचू शकत होते ते झाडाखाली गप्प बसले होते, कारण त्यांनाच वाटत होतं की यादीत नाव नाही तर आपल्याला बोलायचा हक्क नाही.

म्हणून सांगतो, ही यादी फक्त आमदार-खासदार निवडायची नाही. विधानसभेची जी यादी बनते, तिच्यातूनच ग्रामपंचायतीच्या वॉर्डाची यादी काढतात. आणि १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभा कोण, तर ज्यांची नावं पंचायतीच्या मतदार यादीत आहेत ते. म्हणजे एकदा नाव लागलं की लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, सगळीकडे मत आणि वर ग्रामसभेत हक्काची जागा. नाव नसलं तर यातलं काहीच नाही.

जमिनीच्या दाव्याशीही याचा संबंध आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे हे दाखवायला निदान दोन पुरावे लागतात. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, त्यात मतदार ओळखपत्र आहे, रेशनकार्ड आहे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. आपल्याकडे दंडाच्या पावत्या बऱ्याच जणांच्या पावसात, आगीत गेल्या. पण आईबापाचं नाव जुन्या मतदार यादीत असेल तर ते कुटुंब त्या गावात राहत होतं हे दिसतं. ती जुनी यादी शोधून तिची नक्कल मागायचं काम कोण करणार? ते तुम्ही शिकलेल्यांनीच करायचं आहे.

हा हक्क आपल्याला कसा मिळाला ते पण ध्यानात ठेवा. इंग्रजांच्या वेळी मत कोणाला होतं? ज्याच्याकडे जमीन-महसूल, कर, शिक्षण, त्याला. आपल्या आजा-पणजाकडे यातलं काही नव्हतं. घटना झाली आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अंगठेबहाद्दर भिल्ल-पावराच्या मताचं वजन शहाद्याच्या जमीनदाराच्या मताएवढंच झालं. घटना समितीत जयपालसिंह मुंडा आदिवासींसाठी बोलले. आपल्याकडे अंबरसिंग महाराजांनी मजुरांना आणि जमिनी गेलेल्यांना एकत्र केलं. मतदानाचं वय आधी २१ होतं, ते १९८९ ला १८ झालं. हे कोणी आपल्याला बक्षीस दिलेलं नाही. आता ते घ्यायचं की सोडायचं हे आपल्यावर आहे.

आता कामाचं बोलू. वह्या काढा.

पहिला प्रश्न, नाव कुठे लावायचं? आमचं म्हणणं, गावाला. कायद्यात साफ आहे की माणूस काही काळासाठी घरापासून लांब राहिला म्हणून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. शिकायला जाणं म्हणजे गाव सोडणं नाही. कोणी म्हणालं ‘तू इथे राहत नाहीस’, तर हे सांगा. जमीन गावात, ग्रामसभा गावात, आईबाप गावात. पण दोन ठिकाणी नाव लावू नका. तो गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न, वय. या वर्षीच्या यादीसाठी १ जानेवारी २००९ ला १८ पूर्ण पाहिजेत. आता आपली गंमत तुम्हाला माहीत आहे. आश्रमशाळेत नाव घातलं तेव्हा गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहिली. आज इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी! (हशा) तर दाखल्यावर १ जून १९९० असेल तर तुम्ही आत्ताच फॉर्म भरा. १ जून १९९१ असेल तर आता होणार नाही, १ जानेवारी २०१० च्या यादीत नाव लागेल, तेव्हा विसरू नका. खरं वय जास्त आहे हे आम्हालाही माहीत आहे. पण दाखल्यावर जे आहे तेच लिहा. खोटं लिहिलं तर पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत अडचण होते.

तिसरं, फॉर्म. नवीन नावासाठी फॉर्म ६. चुकीचं नाव काढायला, मेलेल्या माणसाचं किंवा दोनदा असलेलं, फॉर्म ७. नावात, बापाच्या नावात, वयात चूक असेल तर फॉर्म ८. फॉर्मला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका, आम्हाला सांगा. फॉर्म ६ ला फोटो, शाळा सोडल्याचा दाखला आणि घरच्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. गावच्या बूथसाठी नेमलेला माणूस असतो, बहुतेक वेळा शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीताई. त्यांच्याकडे द्या नाहीतर तहसील कचेरीत.

आणि पोच घ्या. हे दोनदा सांगतो, पोच घ्या. फॉर्मच्या खालीच पावती असते, ती सही करून फाडून द्यायची असते. मागच्या वेळी एका कचेरीत आम्ही गठ्ठ्याने फॉर्म दिले, साहेब म्हणाले ठेवा तिकडे, आम्ही विश्वासाने ठेवून आलो. यादी आली तेव्हा एकही नाव नव्हतं. विचारायला गेलो तर म्हणाले, कोणते फॉर्म? आमच्या हातात एक चिटोरं नव्हतं. ती चूक आमची होती, तुम्ही करू नका. नाव नाकारलं तर लेखी कारण मागा. त्याच्यावर अपील करता येतं.

नाव लिहिताना नीट लिहा. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरं, यादीत तिसरं. वसावे-वसावा, पाडवी-पाडवा, आणि बापाचं नाव तर लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. दाखल्यावर जसं आहे तसंच फॉर्मवर लिहा.

विधानसभेची निवडणूक पावसाळा सरल्यावर होणार आहे. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की यादीत नवीन नाव घेत नाहीत. आणि फॉर्म दिल्यावर हरकतीसाठी काही दिवस ठेवतात. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. या महिन्यातच पोळ्याला किंवा कोणत्या रविवारी घरी जाल तेव्हा काम उरका.

बहिणींसाठी वेगळं बोलायचं आहे. घरात म्हणतात, हिचं नाव कशाला, लग्न झाल्यावर सासरी लावू. मग मुलगी अठराची होते, बावीसची होते, कुठेच तिचं नाव नसतं. काकांनो, दादांनो, असं करू नका. आज ती या गावात आहे तर आज तिचं नाव या गावात लागलं पाहिजे. लग्न होईल तेव्हा इकडचं नाव कमी करून तिकडे लावता येतं. वनहक्काचा पट्टासुद्धा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं कायदा सांगतो. जिचं नाव जमिनीच्या कागदावर येणार, तिचं नाव मतदार यादीत का नको?

मतदानाच्या दिवशी काय? खिशात कार्ड आहे म्हणून मत देता येईल असं नाही, यादीत नाव पाहिजे. आधी यादी बघून अनुक्रमांक लिहून ठेवा. कार्ड नसेल तर दुसरी फोटोची ओळखपत्रं चालतात, रोजगार हमीचं फोटोवालं जॉबकार्ड त्यात आहे. गाडीभाड्याचा प्रश्न आम्हाला माहीत आहे. एका गावची सात-आठ मुलं मिळून एक जीप करा. उमेदवाराच्या गाडीत बसू नका. आज त्याच्या गाडीत बसलात तर उद्या तो म्हणेल, तुमचं भाडं मी दिलंय, आता दाव्याचं काय विचारता?

कोणाला मत द्यायचं ते आम्ही सांगणार नाही. संघटनेत वेगवेगळ्या विचारांची माणसं आहेत. पण जो मत मागायला येईल त्याला गावच्या चौकात सगळ्यांसमोर विचारा. आमच्या गावाचे किती दावे उपविभागीय समितीत अडकलेत ते तुम्हाला माहीत आहे का? वनखात्याने उभं पीक मोडलं तेव्हा तुम्ही कुठे होता? आपल्या जिल्ह्यातल्या चारही विधानसभेच्या जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. म्हणजे जो निवडून येईल तो आपलाच माणूस. मग आपल्याच माणसाने आपली जमीन का सोडवली नाही, हे विचारायला लाजायचं कशाला?

काही गावं म्हणतात, रस्ता नाही, वीज नाही, म्हणून बहिष्कार. गावाने एकत्र बसून ठरवलं तर तो गावाचा निर्णय, आम्ही मान देतो. पण बहिष्कार टाकायलासुद्धा आधी यादीत नाव लागतं. ज्याचं नावच नाही त्याचा बहिष्कार कोण मोजणार?

शेवटी, आज घरी जाताना प्रत्येकाने एक जबाबदारी घ्या. स्वतःचा फॉर्म तर भराच. पण आपल्या पाड्याची यादी मागून घ्या, रात्री दिव्याजवळ बसा, म्हाताऱ्यांना सोबत घ्या आणि एकेक घर वाचा. कोण मेलंय, कोण सुटलंय, कोणाचं नाव चुकलंय, हे त्यांना तोंडपाठ आहे. तुम्हाला लिहिता येतं. दोघं मिळून एका रात्रीत पाड्याची यादी साफ होते. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आम्ही तहसीलला सोबत येऊ.

पुढच्या वेळी ग्रामसभा भरेल तेव्हा आपली एकही शिकलेली पोर झाडाखाली गप्प बसलेली दिसायला नको. ती आत, चटईवर बसलेली पाहिजे, कायद्याचं पुस्तक हातात घेऊन.

आमु आखा एक से! जिंदाबाद!