रुग्णालयांतील संताप आणि शुश्रूषकांची सिद्धता

पुणें स्टेशनाशेजारचें ससून रुग्णालय १८६७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगींतून उभें राहिलें. तेव्हांपासून शहरांतील व भोंवतालच्या खेड्यांतील गोरगरिबांना त्याचा मोठा आधार आहे. अशा कोणत्याहि मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागांत मध्यरात्रीं डोकावून पाहिलें, तर एक देखावा पुष्कळदां दृष्टीस पडतो. खाटेवर एक रुग्ण, त्याच्याभोंवतीं दहाबारा नातलग, आणि त्या सर्वांना तोंड देणारी एक परिचारिका व एक तरुण निवासी डॉक्टर. 'आमचा माणूस कसा आहे?' हा एकच प्रश्न दहा तोंडांतून येतो. उत्तर मिळण्यास उशीर होतो, आवाज चढतो, आणि एखादे वेळीं हातहि उगारला जातो. ज्यांनीं रुग्णाची नाडी पाहावयाची, त्यांच्यावरच स्वतःचा जीव सांभाळण्याची पाळी येते. अशा प्रसंगास शुश्रूषकांनीं कसें सज्ज असावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रकार आजकालचाच आहे, असें मात्र नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि रोग्यांना आर्थर रोडच्या इस्पितळांत नेण्यास सुरुवात झाली. तेथें नेलेला मनुष्य मारला जातो, अशी कंडी पिकली. आणि त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत सुमारें १,००० गिरणी कामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. साथ पुण्यास आल्यावर १८९७ सालीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनीं घरझडतीसाठीं गोरे सोजीर घराघरांत पाठविले. त्यामुळें उसळलेल्या संतापाचा परिणाम २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर दिसला. रँड हे वैद्य नव्हते आणि तो प्रसंग राजकीय होता, हें खरें. तथापि सक्तीच्या उपचाराविषयीं लोकांच्या मनांत केवढी भीति सांचली होती, हें त्यावरून कळतें.

त्याच साथींत त्याच पुण्यांत दुसरेंहि एक चित्र होतें. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं शहराबाहेर दवाखाना चालविला. रोग्यांची सेवा करतांनाच सावित्रीबाईंना त्या रोगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी यांनीं हिंदु प्लेग रुग्णालय काढलें. रोग जडल्यावर खात्रीचा उपाय तेव्हां कोणाजवळच नव्हता. सरकारी छावणी आणि हे दवाखाने यांत फरक होता तो विश्वासाचा.

परंतु संतापाचें मूळ भीतींत आहे, एवढें समजल्यानें मार खाणाराची जखम भरून येत नाहीं. मार्च २०१७ मध्यें धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत एका निवासी डॉक्टराला नातलगांनीं इतकी मारहाण केली कीं, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. राज्यांतील निवासी डॉक्टरांनीं काम थांबविलें, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. वास्तविक कायदा त्यापूर्वींच झाला होता. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यान्वयें असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पुढें २०२० सालीं, प्लेगच्या वेळीं म्हणजे १८९७ सालीं झालेल्या साथरोग कायद्यांतहि दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांस संरक्षण मिळालें. पण कायदा येतो तो घाव पडल्यानंतर. घाव पडूंच नये म्हणून काय करावयाचें?

सिद्धतेचा पहिला भाग डोळ्यांचा आहे. मनुष्य एकाएकीं हात उगारीत नाहीं. आधीं तो येरझाऱ्या घालतो, मुठी आवळतो, एकच वाक्य पुनःपुन्हां बोलतो. हीं लक्षणें तापाच्या लक्षणांप्रमाणेंच ओळखतां आलीं पाहिजेत. दुसरा भाग जागेचा. सेवकानें संतप्त मनुष्यापासून दोन हात अंतर राखावें, दाराची वाट आपल्या मागें मोकळी ठेवावी, आणि आवाजास आवाज न चढवितां आधीं पूर्ण ऐकून घ्यावें. तिसरा भाग सोबतीचा. मृत्यूची वार्ता एकट्या शिकाऊ डॉक्टरानें व्हरांड्यांत उभ्याउभ्या सांगूं नये. वरिष्ठानें सोबत एकास घेऊन, निराळ्या खोलींत, बसवून सांगावी. मदतीस बोलावण्याचा एक ठरलेला शब्द वा घंटा प्रत्येकास ठाऊक असावी. आणि प्रसंग घडलाच, तर 'चालावयाचेंच' म्हणून तो गिळून न टाकतां त्याची नोंद व्हावी.

तथापि सारा भार सेवकाच्या शिरावर टाकून चालणार नाहीं. जगांतील निरनिराळ्या प्रयोगांचा जो आढावा कॉक्रेन संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा कीं, शिक्षणानें सेवकांचें ज्ञान वाढतें, पण तेवढ्यानें हल्ले कमी होतील असें दिसत नाहीं. खाटा अपुऱ्या, माणसें थोडीं, आणि चार चार तास नातलगांना कोणी कांहीं सांगत नाहीं, अशी स्थिति असेल, तर गोड बोलण्याची शिकवण किती पुरणार? म्हणून रुग्णाची हकीकत ठराविक वेळीं सांगणारा एक माणूस नेमणें, भेटीस येणारांची संख्या मर्यादित ठेवणें आणि रात्रपाळीस पुरेसें मनुष्यबळ व पहारा देणें, हें संस्थेचें कर्तव्य आहे. पहारेकरी जमाव अडवूं शकतो. दहा तोंडांतल्या त्या एका प्रश्नाचें उत्तर तो देऊं शकत नाहीं.

उरला भाग घरोघरच्या सुशिक्षित मंडळींचा. घरांतील कोणी आजारी पडलें, तर डॉक्टरांशीं बोलण्यास कुटुंबानें एकच जबाबदार माणूस ठरवावा. जमाव नेऊं नये. शंका असेल तर ती विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. खासगी शुश्रूषागृहांनीं रुग्ण-हक्कांची सनद दर्शनी लावावी, असा नियम राज्यांत २०२१ पासून आहे. उपचारांत हयगय झाली असें वाटल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि ग्राहक न्यायालय यांचीं दारें मोकळीं आहेत. फोडलेल्या कांचांतून न्याय मिळत नाहीं. उलट त्या रात्रीं शेजारच्या खाटेवरील निरपराध रुग्ण मात्र उपचारावांचून राहतो.

परिचारिका रात्रपाळीस निघते, तेव्हां तिचीहि मुलें घरीं तिची वाट पाहत असतात. ती सकाळीं सुखरूप परत यावी, ही काळजी तिच्या घरच्यांप्रमाणेंच रुग्णालयानें आणि साऱ्या नगरानें वाहिली पाहिजे.