पान किती वेळा खाल्लं?

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री गावातली वीज गेली होती. ओट्यावर आमचा पुतण्या मोबाइल घेऊन एकटाच हसत बसला होता. एकटा हसणारा माणूस दिसला की मला आधी त्याची काळजी वाटते आणि मग हेवा वाटतो. "काय रे?" म्हटलं, तर म्हणाला, "चाचा, परीक्षण बघतोय."

गेली तीस वर्षं मी कविता लिहितो. परीक्षण या शब्दानं माझ्या पोटात गोळा येतो. परीक्षण वाचून कुणी हसताना मी पाहिलं आहे, पण ते दुसऱ्याच्या पुस्तकाचं असतं तेव्हा. तरी उत्सुकतेनं त्याच्या शेजारी टेकलो. पडद्यावर दोन तरुण शेजारी शेजारी बसून एका सिनेमाबद्दल बोलत होते. एकाचं नाव कनन गिल, दुसऱ्याचं बिस्वा कल्याण रथ. दोघंही शिकून इंजिनिअर झालेले आणि इंजिनिअरिंग सोडून लोकांना हसवायला लागलेले. २०१३ च्या सुमारास त्यांनी यूट्यूबवर 'प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज' नावाची मालिका सुरू केली होती. प्रिटेन्शस म्हणजे उगाच विद्वत्तेचा आव आणणारी. जुना, फसलेला हिंदी सिनेमा घ्यायचा आणि तो जणू जगातली श्रेष्ठ कलाकृती आहे अशा थाटात त्याची चिरफाड करायची. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं. पोरगा मध्ये मध्ये थांबवून समजावून सांगत होता. पण काही ठिकाणी त्याच्या आधी मीच हसलो. वीज आली तरी आम्ही उठलो नाही.

त्या मालिकेतला माझा सर्वांत आवडता भाग कुठला, असं कुणी विचारलं तर मी 'गुंडा'चा सांगेन. 'गुंडा' हा कांती शाह यांचा १९९८ सालचा सिनेमा, मिथुन चक्रवर्तींचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचं काही बिघडलेलं नाही. त्यात बुल्ला, पोते, लंबू आटा अशा नावांचे खलनायक आहेत आणि ते पडद्यावर आले की कॅमेऱ्याकडे बघून आपली ओळख यमकात करून देतात. यमक जुळलं पाहिजे एवढीच अट. मग त्यासाठी कुठल्याही शब्दाच्या मागे कुठलाही शब्द उभा करायचा. अर्थ बिचारा शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखा मागे राहतो.

पुतण्या हसत होता तो सिनेमाला. मी हसत होतो आणि आतून थोडा चरकलोही होतो. कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. 'सावली' आली की 'माउली' आणायची, 'वारा' आला की 'तारा' उगवायचा, मग ती दुपार का असेना. लंबू आटा आणि मी एकाच तालमीतले पठ्ठे, हे मला त्या रात्री कळलं. हे एखाद्या टीकाकारानं गंभीरपणे लिहिलं असतं तर मी त्याच्याशी वर्षभर बोललो नसतो. या पोरांचं मात्र पटलं.

मग मला आठवलं की हा चस्का मला मोबाइलनं लावलेला नाही. तो फार जुना आहे.

कॉलेजात असताना सुट्टीत गावी आलो की वाचायला पुस्तकं आणायचो. त्यात एकदा 'निवडक ठणठणपाळ' आलं. साठच्या दशकात मुंबईच्या मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' मासिक सुरू केलं. त्यात 'घटका गेली, पळे गेली' या नावाचं सदर ठणठणपाळ या टोपणनावानं कुणीतरी लिहायचं. लेखकांचे सत्कार, त्यांच्या प्रस्तावना, त्यांचे रुसवे, संमेलनातली भाषणं, एकमेकांची केलेली स्तुती या सगळ्याची त्यात महिन्याच्या महिन्याला हजेरी घेतली जायची. सोबत वसंत सरवट्यांची चित्रं. हा ठणठणपाळ म्हणजे कोण, यावर त्या काळी वाचकांनी पुष्कळ डोकं चालवलं. ते होते जयवंत दळवी. म्हणजे ज्या हातानं 'चक्र'मधली झोपडपट्टी लिहिली आणि 'संध्याछाया'मधले ते एकटे पडलेले म्हातारा-म्हातारी लिहिले, तोच हात. मला याचं फार आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. माणसाचं दुःख ज्याला बारकाईनं दिसतं, त्याला माणसाचा तोराही दिसणारच. डोळे तेच.

मी ते पुस्तक वाचलं तेव्हा त्यातल्या निम्म्या लेखकांची नावं मला ठाऊक नव्हती. तरी हसलो. कारण तसा सत्कार, तसं अध्यक्षीय भाषण आणि तसा हारतुऱ्यांचा घोळ आमच्याकडच्या कार्यक्रमात मी डोळ्यांनी पाहिला होता.

दळव्यांच्याही मागे गेलं की अत्रे भेटतात. आमच्या पुणे जिल्ह्याचाच माणूस, सासवडजवळच्या कोढीतचा. केशवकुमार या नावानं त्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली, ती १९२५ च्या सुमाराला. तेव्हा पुण्यात रविकिरण मंडळाचा बोलबाला होता. कविता गाऊन दाखवायची, प्रेमात झुरायचं, चंद्राकडे बघून उसासे टाकायचे अशी एक हवा होती. अत्र्यांनी परीक्षण लिहिलं नाही. त्यांनी तशाच कविता लिहिल्या आणि त्यातलं एकच टाचणीएवढं काहीतरी बदललं. 'परीटास' ही कविता घ्या. भावकवी ज्या आर्ततेनं गेलेल्या पाखराला साद घालतो, त्या आर्ततेनं अत्र्यांचा कवी परिटाला साद घालतो, कारण कपडे धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. आणि 'प्रेमाचा गुलकंद' तर महाराष्ट्राला पाठ आहे. प्रियकर तिला रोज गुलाब देतो आणि शेवटी धीर करून प्रेम उघड करतो, तर ती आतून बरणी घेऊन येते. त्याच्या सगळ्या गुलाबांचा तिनं गुलकंद घातलेला असतो. प्रेमकवितेतल्या बाईला संसार कळतो आणि कवीला कळत नाही, ही टीका एका बरणीत मावली आहे.

अत्र्यांचा विशेष डोळा माधव जूलियनांवर. माधव जूलियन फारसीचे पंडित. त्यांनी फारसी-मराठी कोश केला, गझल मराठीत आणली आणि कवितेत फारसी शब्द सढळ हातानं पेरले. त्यावरची ती थट्टा वाचताना माझी पंचाईत होते. कारण मराठी कवितेत जे शब्द अत्तरासारखे शिंपडले जातात, ते आमच्या घरात भाजी निवडताना वापरतात. मी कवितेत 'इंतजार' लिहिला की पुण्याचा रसिक डोळे मिटून वाहवा करतो. आमची अम्मी शिक्रापूरच्या एसटीचा इंतजार करायची. तेव्हा अत्र्यांच्या थट्टेला मी दोन्ही बाजूंनी हसतो. आणि हेही सांगतो की मराठीत गझल म्हटलं की आजही पहिलं पाऊल माधव जूलियनांचंच मोजावं लागतं. अत्र्यांच्या थट्टेनं ते पुसलं गेलं नाही.

टीव्हीवरचंही थोडं सांगतो. 'चला हवा येऊ द्या' आमच्या घरी २०१४ पासून तो २०२४ मध्ये बंद होईपर्यंत पाहिलं गेलं. भाऊ कदम नुसते उभे राहिले तरी मला हसू येतं. पण सिनेमाची नक्कल चालली आहे आणि त्या सिनेमाची मंडळी समोर सोफ्यावर बसून टाळ्या वाजवताहेत, उद्या-परवा सिनेमा लागणार आहे, अशा वेळी नक्कल बोथटच राहते. ते पाहुण्याला घातलेलं जेवण असतं. त्यात मीठ कमी-जास्त झालं तरी कुणी बोलायचं नसतं.

दुसरीकडे मोबाइलवर परीक्षणाच्या नावाखाली नुसतं कुणाच्या रंगाला, कुणाच्या नाकाला, कुणाच्या गावंढळ बोलण्याला हसणारेही पुष्कळ आहेत. ते मी दोन मिनिटांत बंद करतो. त्यांनी सिनेमा पाहिलेला नसतो. चांगली थट्टा करायची तर तीन तास नीट बसून पाहावं लागतं आणि तेही दोनदा. 'गुंडा' इतका मन लावून त्या दोघांइतका कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. पाबळ हे शिरूर तालुक्यातलं गाव. पाऊस कमी आणि पाण्याची वाट बघण्याची सवय जास्त. गावाची नावं दोन गोष्टींसाठी निघतात. एक म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम, जिथं पोरं हातानं करून शिकतात. दुसरी म्हणजे मस्तानी. बाजीराव पेशव्यांनी तिला पाबळ इनाम दिलं होतं. १७४० च्या एप्रिलात बाजीराव रावेरखेडीला गेले, पाठोपाठ तीही गेली, आणि तिची कबर आमच्या गावात आहे.

२०१५ साली 'बाजीराव मस्तानी' सिनेमा आला तेव्हा गावातली मंडळी गाड्या करून पुण्याला गेली. मूळ ना. सं. इनामदारांची 'राऊ' कादंबरी, तीही अनेकांची वाचलेली. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात यावर तेव्हा पुण्यात वाद झाला. आमच्या लोकांची तक्रार वेगळी होती. ते शेवटपर्यंत पाबळ येण्याची वाट बघत होते. मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं होतं हे इतिहासातलंच. पण सिनेमा तिला साखळदंडात ठेवूनच संपला आणि पाबळ पडद्यावर आलंच नाही. परत येताना गाडीत कुणी बोलेना. घरचं लग्न असावं आणि आपल्यालाच आमंत्रण नसावं, तसं झालं.

सात-आठ वर्षांनी या सिनेमाचं परीक्षण आमच्या पुतण्यानं आणि त्याच्या मित्रानं केलं. बेंगळुरूच्या त्या दोघांसारखंच शेजारी शेजारी बसून, जुन्या पाइपांचे तुकडे जोडून केलेल्या स्टँडवर मोबाइल लावून. पंधरा मिनिटांचं होतं. आरसे महालातले आरसे पुसायला रोज किती माणसं लागत असतील आणि तेवढं पाणी पाबळला मिळालं असतं तर कांद्याचं किती पीक निघालं असतं, याचा त्यात हिशेब होता. सगळं गाव हसलं. माझ्या सगळ्या आवडत्या भागांमध्ये तो भाग मी वरती धरतो.

आणि मग त्यांनी दुसरा भाग केला. तो माझ्यावर.

मस्तानीवर माझी एक दीर्घ कविता आहे. अनेक कार्यक्रमांत म्हटलेली. टाळ्या मिळालेली. तिच्यावर मला थोडं पोटही भरता आलं आहे, म्हणजे मानधनाचा नारळ आणि शाल धरून. पोरांनी ती समोर घेतली आणि मोजणी सुरू केली. तुम्हाला ती आख्यायिका ठाऊक असेल. मस्तानी इतकी नाजूक आणि गोरी की विडा खाल्ला तर गळ्यातून उतरणारा रस दिसायचा. "चाचांच्या कवितेत," पुतण्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मस्तानीबाई चार वेळा पान खातात. एकदाही जेवत नाहीत." मित्र म्हणाला, "तलवार?" "एकदा. तीही पानानंतर." "घोडा?" "नाही." "मुलगा?" पुतण्यानं पानं उलटली आणि मान हलवली.

पोरांनी मला आधी दाखवलं होतं. "चाचा, नको असेल तर राहू दे." मी म्हटलं, पाठवा सगळ्यांना. तोंडानं म्हटलं. रात्री झोप आली नाही. राग आला होता हे कबूल करतो. आख्यायिका काही मी रचलेली नाही, सगळेच लिहितात, मीच का, असं मनात चाललं होतं. पण 'मुलगा' या शब्दाशी येऊन थांबायचो. समशेर बहादूर. आईबाप गेले तेव्हा लहान होता. पुढे पेशव्यांच्या फौजेतून पानिपतावर लढला आणि १७६१ साली जखमांनी गेला. माझ्या एवढ्या लांबलचक कवितेत त्याला एक ओळ नव्हती. ज्या गावात त्याच्या आईची कबर आहे तिथं मी लहानाचा मोठा झालो आणि मी लिहिलं ते पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेलं पान.

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी गेलो. शेकडो वेळा गेलेलो आहे, पाहुण्यांना घेऊन. या वेळी एकटाच गेलो आणि नुसता बसलो. कबर साधी आहे. शेजारून बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. एकीनं विचारलं, "काय मास्तर, आज पाव्हणं नाही कोणी?"

महिनाभर ती कविता खालीवर केली. चारही विडे गेले. त्याबरोबर तीन-चार यमकंही गेली, त्यांचं वाईट वाटलं. समशेर आला. आता कविता पहिल्यापेक्षा निम्म्याहून लहान आहे आणि कार्यक्रमात तिला पूर्वीसारख्या टाळ्या मिळत नाहीत.

पुतण्याला वाचून दाखवली. त्यानं पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवून ऐकली. म्हणाला, "चांगली झालीय चाचा. पण हिच्यावर एपिसोड नाही होणार."