हाडांचे स्फुरद आणि कलमी प्रथिने



नत्र, स्फुरद, पालाश ही नावे शेतकऱ्याला नवी नाहीत. स्फुरद कमी पडले की पिकाची मुळे जोर धरत नाहीत. मुलांच्या हाडांचेही तसेच. रक्तात हे स्फुरद फॉस्फेटच्या रूपाने असते. ते कमी झाले की हाडे मऊ राहतात, मूल चालू लागते आणि अंगाच्या भाराने पाय वाकतात. हाच मुडदूस.

बहुतेक मुडदूस ऊन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने हटतो. काही मुलांचा मात्र हटत नाही. मग घरात आईला बोल लागतो, ‘तू औषध नीट देत नाहीस.’ दोष तिचा नसतो. सुमारे वीस हजारांत एकाला होणारा हा आनुवंशिक आजार आहे.

आपल्या हाडांतूनच एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक निघते. ‘जादा फॉस्फेट सोडून दे,’ असा निरोप ते मूत्रपिंडाला देते. या मुलांत ते फार होते. पाटाचे दार उघडेच राहावे, तसे खाल्लेले स्फुरद लघवीवाटे वाहून जाते.

या संप्रेरकाची शेपटी मूत्रपिंडातील क्लोथो या प्रथिनाला धरते, तेव्हाच निरोप पोचतो. २०१० साली संशोधकांनी नुसता शेपटीचा तुकडा आजारी उंदरांना दिला. त्याने क्लोथोची जागा अडवली आणि रक्तातले फॉस्फेट वाढले. पण इतका लहान तुकडा रक्तात टिकायचा कसा? त्यासाठी कलम! गावठी आंब्यावर हापूसची काडी बांधतो ना, तशी ही शेपटी प्रतिपिंडाच्या टिकाऊ खोडाला जोडायची. दोघांची जनुके सांधली की पेशी एकसंध प्रथिन घडवते.

ही कलमे अजून प्रयोगशाळेतच आहेत. २०१८ साली अमेरिकेत मान्य झालेले बुरोसुमॅब हे कलम नव्हे; ते एफजीएफ-२३लाच पकडणारे प्रतिपिंड आहे, आणि फार महाग. फॉस्फेटचे डोस आणि सक्रिय ड जीवनसत्त्व हा जुना उपचार आजही चालतो. तो जितका लवकर, तितका चांगला.

म्हणून गुरुजी, बाईंनो, एवढे करा. वर्गात एखादे मूल बुटके, वाकल्या पायांचे दिसले, आणि औषध घेऊनही फरक नसेल, तर डॉक्टरांकडून रक्तातले फॉस्फेट तपासून घ्यायला सांगा. मोठ्या माणसाचे माप २.५ ते ४.५ मिलिग्रॅम, मुलाचे त्याहून वरचे असते. मोठ्यांचे माप लावले, तर आजारी मूल निरोगी ठरेल. पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत मुलांच्या हाडांचा अभ्यास चालतो. पण पहिली नजर तुमचीच.