तापलेली नळी

सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्याला उष्णतेविषयी कुणी नव्याने काय सांगावे? वैशाखात दुपारी दाराची कडी धरली तरी हात चटकन मागे येतो. तरीही आज मी तुमच्याशी एका वेगळ्याच तापण्याविषयी बोलणार आहे. लागोपाठ गोळ्या झाडल्या की बंदुकीची नळी तापते. ती का तापते, किती तापते आणि त्यातून काय ओढवते, हे आपण पाहू.

पुष्कळांना वाटते की गोळी नळीला घासत जाते, म्हणून नळी तापते. हा समज निराधार नाही. तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणाने किती उष्णता निपजते, हे रम्फर्डने १७९८ मध्ये दाखवून दिले होते. पण गोळी झाडताना घर्षणाचा वाटा त्या मानाने लहान असतो. खरा ताप दारूचा. रायफलच्या काडतुसात जेमतेम तीन ग्रॅम दारू असते. ती पेटली की दोन-अडीच हजार अंश सेल्सियसचा वायू तयार होतो. पोलाद तर सुमारे दीड हजार अंशांवरच वितळते! मग नळी वितळत कशी नाही? कारण हा सारा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आटोपतो. दारूतल्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्सा गोळीला मिळतो. उरलेल्यातला बराचसा वायूबरोबर तोंडातून निघून जातो आणि राहिलेला नळीत मुरतो.

एका गोळीने सबंध नळीचे तापमान सरासरी एक-दोन अंशांनी वाढते. एवढेच ना, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्या चुलीवरचा तवा आठवा. पत्र्याचा पातळ तवा लगेच तापतो आणि लगेच निवतो. बिडाचा जाड तवा उशिरा तापतो. पण एकदा तापला की जाळ ओढून घेतल्यावरही त्यावर एखादी भाकरी भाजून निघते. नळीचेही तसेच आहे. आत आलेली उष्णता बाहेरच्या हवेत जायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी, तिसरी गोळी; दर खेपेस थोडी भर पडतच राहते. सावकाश झाडलेल्या शंभर गोळ्या आणि दोन मिनिटांत झाडलेल्या शंभर गोळ्या यांत हाच फरक आहे.

जाड धातूचा हा गुण पाहायचा तर विजापूरला जावे. तिथली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. भर उन्हातही ती हाताला थंड लागते, असे लोक कौतुकाने सांगतात. त्यात चमत्कार नाही बरं का! एवढा मोठा धातूचा गोळा सकाळच्या उन्हाने लवकर तापत नाही, इतकेच.

नळी फार तापली तर काय होते? पहिली गोष्ट, नेम बिघडतो. नळीवरून वर चढणारी ऊन हवा लक्ष्य हलते आहे असे भासवते आणि नळीही किंचित वाकू शकते. दुसरी गोष्ट, आतले आटे लवकर झिजतात. तिसरी सर्वांत घातक: तापलेल्या नळीच्या मागच्या घरात काडतूस बसून राहिले, तर चाप न ओढताच ते उडू शकते. समोर कोण उभे आहे, हे ते काडतूस विचारत नाही.

यावर उपायही निघाले. विकर्स मशीनगनच्या नळीभोवती पाण्याची टाकी असे. तीत साधारण चार लिटर पाणी मावे. पाणी उकळू लागले की पुढची उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते, आणि पाणी आहे तोवर नळी फार चढत नाही. ब्रेनगनला पाणी नव्हते. तिची तापलेली नळी मुठीला धरून काढायची आणि दुसरी बसवायची. साध्या रायफलवाल्याला यातले काही नाही. त्याने बेताने गोळ्या झाडाव्यात, हेच खरे.

पण रणांगणात बेत कुठला? कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीची एक तुकडी घेऊन चालले होते. शत्रूच्या मशीनगनने त्यांचे सगळे सोबती ठार किंवा जखमी केले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगनने एकाला टिपले. नवे मॅगझिन भरायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी आपली बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. नुकत्याच गोळ्या ओकलेल्या नळीवर त्यांची मूठ वळली होती. पुढे शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

आपल्या घरातली मुले-मुली आज एन.सी.सी.त जातात, चांदमारीवर नेम धरतात. त्यांना एवढे सांगा: गोळीबार थांबला की काडतूस घरात ठेवू नका, बोल्ट उघडा ठेवा, तोंड लक्ष्याकडेच असू द्या, आणि नळीला निवायला वेळ द्या. उस्तादांचा हा नियम नुसत्या शिस्तीसाठी नाही. त्याच्यामागे पदार्थविज्ञान आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा जीवही आहे.