गावाकडची गोळी आणि इथला कायदा

मंडळी, कंबर धरली की आपण काय करतो? गावाहून आणलेली ट्रामाडॉलची पट्टी काढतो, एक गोळी आपण घेतो, एक शेजारच्याला देतो. मायेनंच देतो. पण ब्रिटनमध्ये जून २०१४ पासून ट्रामाडॉल ‘क्लास सी’ औषध आहे. प्रेगॅबालिन, गॅबापेंटिनही एप्रिल २०१९ पासून त्याच यादीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जवळ ठेवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याला दिलं, फुकट का असेना, तर तो ‘पुरवठा’ धरतात. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. कारण या गोळ्यांची सवय लागते. दुकानात मिळणाऱ्या कोडीनच्या पाकिटावरही तीनच दिवस घ्या, असं छापलेलं असतं.

सुपरवायझर म्हणून सांगतो, गोळीच्या गुंगीत परांचीवर चढू नका. दुखतंय ते सांगा, हलकं काम मागा. इंग्लंडमध्ये व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जीपी नाव नाकारू शकत नाही, आणि तपासणी फुकट असते. रोज घेत असाल तर एकदम सोडू नका. डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. गड्याला मदत करायचीच, तर गोळी देऊ नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा.