दादीने मांडलेले आठ नारळ



घरातल्या एखाद्या थोरल्या बाईविषयी बोला, असं मला सांगितलंय. मी माझ्या दादीविषयी बोलते. ती गेल्या वर्षी गेली, नव्वदीच्या आसपास. नक्की वय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. आजोबा मुंबईहून जहाजावर खलाशी म्हणून जायचे. दीड-दोन वर्षं घरी नसायचे. मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. भातलावणी, मुलांची आजारपणं, अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं दादीनेच बघितलं. पहाटे फजर पढून चूल पेटवायची. दुपारी पडवीत गावातल्या मुलींना कुरआन वाचायला शिकवायची. सगळ्यांची जेवणं झाली की उरलं तर स्वतः जेवायची.

एवढं ऐकलं की लोक तिला 'त्यागमूर्ती' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. हार घातला की बाईला काही द्यायचं उरत नाही!

आजोबा वारले तेव्हा मागे दादी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. आजोबांचे आई-वडील आधीच गेलेले. वारस म्हणून सगळ्यांची नावं लागली आणि लगेच रीतीप्रमाणे हक्कसोडपत्राची बोलणी सुरू झाली. बहिणींनी सह्या करायच्या, भावांनी त्यांना ईदला साड्या घ्यायच्या. माझ्या फुफू तयारही होत्या. माहेर तुटायची भीती कुणाला नसते?

दादीला मराठी लिहिता येत नव्हतं. पण हिश्शांचा हिशेब तिला पाठ होता. सूरह निसाच्या 11व्या आणि 12व्या आयतीत तो आहे. तिने पडवीत आठ नारळ मांडले. एक स्वतःपुढे ठेवला, कारण मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. राहिले सात. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून दोन मुलग्यांना दोन-दोन आणि तिन्ही मुलींना एकेक. आठच्या आठ संपले. मग म्हणाली, "आता कुणाचा उचलायचा ते माझ्यासमोर उचला."

कुणी उचलला नाही. पण थोरल्या चाचांनी पुढे दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. कुवेतहून यायचे ते सासरी उतरायचे. दादी दर ईदला त्यांच्या वाटणीची सांदणं बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी शेजारी देऊन टाकायची. सही करा, असं मात्र ती मुलींना कधीच म्हणाली नाही. पुढे धाकटी फुफू नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन परत आली, ती स्वतःच्या वाट्याच्या दोन खोल्यांत.

मुलीला निम्माच का, हा प्रश्न तुम्ही विचारता. मीही विचारते, आणि तो विचारलाच पाहिजे. पण आपण निम्मा की पूर्ण यावर वाद घालत असतो, तेव्हा शेजारच्या घरात शून्यावर सही होत असते. मजहबचं नाव घेऊन नव्हे, रीत म्हणून. कुठल्याही धर्माच्या घरात जा, ही रीत सापडेल. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. आईचं नाव तिच्या माहेरच्या उताऱ्यावर आहे का, ते तिला विचारा. नसेल तर सही कुणी मागितली होती, तेही विचारा.

आता दादीच्या स्वतःच्या आठव्या हिश्शाची वाटणी व्हायची आहे. चाळिसावा झाला आणि एका नातेवाइकाने हक्कसोडपत्राचा मसुदा तयार करून आणला. धाकट्या फुफूने तो वाचला, घडी घालून परत दिला. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज गेलाय. त्यावर पाच नावं आहेत.