‘सवय असते त्यांना’

आज शेतीची पदविका घेणाऱ्या मुलामुलींनो,

अभिनंदन. तुम्ही टिकलात, घरच्यांनी कळ काढली, दोघांचंही अभिनंदन. झालं.

प्राचार्यांनी मला विषय दिला आहे: माणसाची उत्क्रांती अजून चालू आहे, की आता तो नुसतं जुळवून घेतो? फोनवर मी म्हटलं, विषय फार मोठा आहे. ते म्हणाले, वीस मिनिटांत बसवा. मी पॅथॉलॉजीचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त पाहत आलो, तेव्हा उत्तरही तिथूनच देणार.

१९८३ च्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा या भागात आलो. डहाणू रोडला गाडीतून उतरलो तेव्हा एका हातात बर्फाचा डबा आणि दुसऱ्यात आईने दिलेला लाडवांचा. लाडू दोन दिवसांत संपले, बर्फ त्याआधीच. तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर शाळेच्या ओट्यावर आम्ही बसलो आणि लोक मुकाट्याने ओळीत उभे राहिले. दंड पुढे करायचा, सुई, कापूस, पुढचा. मुंबईला जाऊन तपासण्या झाल्या, शोधनिबंध छापून आला, मला बढती मिळाली. दोन वर्षांनी त्याच पाड्यावर पुन्हा गेलो. एक बाई कडेवरच्या पोराला सावरत पुढे आली आणि म्हणाली, “मागं रगत नेलंत, त्याचं काय झालं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या तक्त्यात ती एक आकडा होती. रक्त न्यायला संस्थेची जीप निघायची, रिपोर्ट पोचवायला डिझेल नसायचं. परतल्यावर हे मी वरिष्ठांकडे काढलं, तर चहाचा कप खाली न ठेवता ते म्हणाले, “सांगून काय उपयोग? त्यांना सवय असते.” मी गप्प बसलो, हेही सांगून टाकतो. नोकरी नवी होती.

ही ‘सवय’ म्हणजे काय, ते आता बघा. आम्ही सिकलसेल शोधत होतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढाच फरक, पण त्यामुळे तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते. असं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो, म्हणजे एरवी धडधाकट. दोघांकडून आलं तर मूल आजारी: अंग ठणकतं, रक्त तुटतं, पूर्वी अशी पुष्कळ मुलं लहानपणीच जायची. मग इतकं घातक जनुक टिकलं कसं? असल्या रक्तदोषांमागे हिवताप असावा, असा तर्क १९४९ साली हॉल्डेनने मांडला. हा इंग्रज शास्त्रज्ञ पुढे भारताचा नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला. १९५४ मध्ये ॲलिसन या संशोधकाने पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे रान आणि डास, तिथे हे जनुक राहिलं. इथल्या वारली, कोकणा, कातकरी समाजांतही कमीजास्त प्रमाणात ते आहे.

ही झाली उत्क्रांती. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजारी मुलाची. काही मुलं तापातून वाचली, त्याची किंमत दुसऱ्या मुलांनी मोजली. हिवताप कमी झाला तरी जनुक जायला कितीतरी पिढ्या लागतात.

आता जुळवून घेणं बघायचं, तर तुमच्या चिकूचंच घ्या. घोलवडच्या बागांत कालीपत्ती, खिरणीच्या खुंटावर बांधलेली. सगळी कलमं एकाच रक्ताची, त्यांच्यात निवड करायला निसर्गाला जागाच नाही. बी पोखरणारी अळी आली तेव्हा झाडाला बदलता आलं नाही. बदलला तो बागाईतदार. पडलेली फळं वेचायला लागला, फवारणीच्या तारखा हलवल्या. हे जुळवून घेणं. माणूस दोन्ही करतो, एक हंगामात आणि दुसरं शेकडो पिढ्यांत.

आणि जुळवून घेणंही फुकट नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतल्या गर्भार बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची. आपलं बाळ दिसायला काटकुळं, पण अंगातली चरबी मात्र राखून ठेवलेली. पोटात असतानाच ते अर्धपोटी दिवसांची तयारी करतं. पुढे पोटभर मिळू लागलं की मधुमेहाचा धोका वाढतो.

पुन्हा सिकलसेलकडे येतो. आज लोकांच्या हातात तपासणीची रंगीत कार्डं आली आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा म्हणतात. चांगलंच आहे. पण कार्ड देणारा समजावून सांगत नाही, म्हणून वाहक मुलीला रोगी ठरवून लग्न मोडल्याचं मी पाहिलं आहे. आमच्या धंद्याची ही जुनी खोड: तपासायचं आणि निघायचं.

याउलट, आज आपण जमलो आहोत त्याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ लहान मुलांना शिकवायला बोर्डीहून आल्या, १९५० च्या दशकात. पोरं गुरांमागे जायची, शाळेत यायची नाहीत. त्यांना शाळेची सवय नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मूल होतं तिथेच राहिलं, बदलावं लागलं शाळेला.

तुमच्यातले काही कृषी खात्यात जातील, काही बँकेत, काही बियाणांच्या कंपनीत. पाहणीचे अहवाल लिहाल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाबद्दल, उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाईबद्दल लिहाल. तिथे ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य लिहू नका. दुसऱ्याने लिहिलं असेल तर खोडा. वरिष्ठ चहा पीत असले तरी खोडा, मी खोडलं नाही.

खाली व्हरांड्यात टेबल मांडलं आहे. ज्यांची सिकलसेलची तपासणी झालेली नाही, त्यांनी चहाआधी बोट पुढे करून जावं. पहिल्या चाचणीचं उत्तर थोड्या वेळात कळतं. पुढची लागली, तर तिचा कागद घेऊन मी स्वतः येईन. बर्फाचा डबा या वेळी चांगला आहे.